सहाशे वीस अंशांची टीप: ३०४ स्टेनलेस हाउसिंगच्या वेल्डोत्तर उष्णताप्रक्रियेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन कारखान्याकडे अन्नप्रक्रिया यंत्रे बनवणाऱ्या ग्राहकाची चार नगांची ऑर्डर होती. टोमॅटो आणि आंब्याच्या पल्पच्या लाइनवर बसणाऱ्या मिक्सरचे हे वेल्डेड हाउसिंग. २२ मिमी प्लेट रोल करून ३२० मिमी बाहेरील व्यासाचा शेल करायचा, त्याच्या दोन्ही टोकांना ४२० मिमी व्यासाचे आणि ३२ मिमी जाडीचे फ्लँज (जोडणीच्या कड्या) वेल्ड करायचे, मग आतून २८० मिमीला एच७ बोअर काढायचा. एच७ म्हणजे या मापाला ०.०५२ मिमीची सूट. फ्लँजची तयार जाडी २८ मिमी, म्हणजे फेसिंगसाठी (सपाट फेस कातायला) प्रत्येक बाजूला २ मिमी. बोअरलाही दर बाजूला साधारण तेवढाच माल शिल्लक होता. एका नगाचे वजन ८० किलोच्या आसपास.

धातू ३०४ ग्रेडचे स्टेनलेस. वेल्डिंग टिगने (आर्गॉनखालच्या आर्कने), फिलर म्हणजे भरायची तार ३०८एल, आतून हवा हटवायला आर्गॉनचे पर्जिंग. वेल्डरचे काम चोख होते. रूट, म्हणजे शिवणीचा तळ, चांदीसारखा स्वच्छ आला आणि डीपी टेस्टमध्ये (रंगाने भेगा शोधणाऱ्या चाचणीत) चारही नग पास झाले.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, शीर्षकाच्या चौकटीवर एक टीप होती: वेल्डिंगनंतर ६२० अंश सेल्सिअसवर ताणमुक्ती, दोन तास, भट्टीतच थंड करणे. वेल्डिंगने धातूत अडकलेले ताण तापवून सोडवायची ही टीप मुळात एमएस (साधे कार्बन स्टील) बेस फ्रेमच्या ड्रॉइंगवरची. जुनी फाइल उघडून नवे ड्रॉइंग करताना धातूचा रकाना बदलला गेला आणि टीप तशीच राहिली. एमएससाठी ती अगदी योग्य होती. कार्बन स्टीलसाठी एएसएमई या अमेरिकी कोडच्या आठव्या विभागात (प्रेशर व्हेसल) किमान तापमान ५९५ अंश दिलेले आहे, आणि ६२० त्याच्या थोडे वर येते.

चार नग सातपूरच्या एका जॉबवर्क भट्टीवाल्याकडे गेले. तिथल्या सुपरवायझरला शंका आली आणि त्याने फोन केला.

"साहेब, हे एसएस आहे. एमएसच्या चार्जमध्येच लावायचं का?"

"हो, ड्रॉइंगवर सहाशे वीसच लिहिलंय. त्याप्रमाणे करा."

या प्रकरणातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच होता, आणि तो अर्ध्या मिनिटात संपला.

अडचण कुठे दिसली

भट्टीचा चार्ट निर्दोष होता. ३०० अंशांपासून ताशी १०० अंशांनी चढ, ६२० वर दोन तास, मग तेवढ्याच वेगाने उतार. तापमान मोजणारे तिन्ही थर्मोकपल १० अंशांच्या आत चालले होते. चार्टवर सही-शिक्का होऊन नग परत आले.

पहिला नग माप मंजुरीसाठी लगेच मशीनवर गेला, बोअर आणि फेसिंग पूर्ण झाले. मग बोअर झाकून तो पिकलिंगच्या (ॲसिडने साफ करण्याच्या) टाकीत गेला आणि त्याच्यासोबत मशीनिंग न झालेला दुसरा नग. टाकीत नेहमीचेच मिश्रण: १५ टक्के नायट्रिक आणि २ टक्के हायड्रोफ्लुओरिक, साध्या तापमानाला अर्धा तास. इतर वेळी ३०४ चे काम या टाकीतून एकसारखे राखाडी-रुपेरी होऊन बाहेर येते.

या वेळी वेल्डची शिवण चकचकीत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंची प्लेट खडूसारखी मळकट पांढरी. पाण्याचा फवारा मारूनही ती उजळेना. हातमोज्याचे बोट फिरवल्यावर त्यावर राखाडी भुकटी आली. पिकलिंगच्या कामगाराने तिसरा नग टाकीत सोडलाच नाही. "ह्याला पावडर सुटतेय, साहेब," एवढेच सांगून त्याने क्रेन थांबवली. पुढचे बरेच नुकसान त्याच्यामुळे टळले. तपासाच्या कागदात त्याचा उल्लेख सुरुवातीला हवा होता; तो शेवटी आला.

पहिला अंदाज ॲसिड जास्त कडक झाल्याचा होता. टाकी तपासली, प्रमाण बरोबर निघाले. दुसरा अंदाज माल खोटा असल्याचा, म्हणजे ३०४ च्या नावाखाली कमी क्रोमियमचा कुठला तरी स्वस्त ग्रेड आल्याचा. उरलेल्या कच्च्या प्लेटच्या तुकड्यावर स्पेक्ट्रो (घटक मोजणारी चाचणी) केल्यावर क्रोमियम १८.१, निकेल ८.१ आणि कार्बन ०.०५२ टक्के निघाले. माल खरा होता. तोच कच्चा तुकडा, भट्टीत न गेलेला, त्याच टाकीत बुडवला तर स्वच्छ बाहेर आला. संशय भट्टीवर येऊन थांबला.

तपास

पहिला नग तयार मापाला आलेला असल्याने तो वाचवण्याची आशा नव्हती. तोच कापून नमुने काढले.

स्टेनलेसच्या दाण्यांच्या सीमा ॲसिडने कोरल्या जातात का हे तपासण्याचे मानक म्हणजे एएसटीएम ए२६२. त्यातली पहिली चाचणी ऑक्झॅलिक ॲसिडची. नमुना पॉलिश करायचा, १० टक्के ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये दर चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर या हिशेबाने दीड मिनिट करंट द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. निरोगी ३०४ मध्ये दाण्यांच्या सीमांवर नुसत्या पायऱ्या दिसतात. इथे दाण्यादाण्याभोवती काळ्या खोल चरांचे पूर्ण कुंपण होते. महत्त्वाचे म्हणजे हे चर वेल्डपासून १२० मिमी दूर, शेलच्या मध्यावरही तेवढेच होते.

ऑक्झॅलिक चाचणीने नमुना पास ठरवता येतो, नापास ठरवता येत नाही. चर दिसले तर पुढची चाचणी करावी लागते. म्हणून त्याच मानकातली प्रॅक्टिस ई केली: तांब्याच्या तुकड्यांसोबत, कॉपर सल्फेट आणि १६ टक्के सल्फ्युरिक ॲसिडच्या उकळत्या द्रावणात १५ तास, त्यानंतर १८० अंशांत वाकवणे. भट्टीतून आलेली पट्टी वाकवताच बाहेरच्या बाजूला आडव्या भेगांची जाळी उघडली. न तापवलेली पट्टी एकही भेग न पडता वाकली. दोन्ही पट्ट्या फरशीवर टाकून पाहिल्या तेव्हा कानालाही फरक कळला. एक खणखणली, दुसरी ठप्प वाजली.

हे का झाले

३०४ चा गंजरोध क्रोमियमवर उभा आहे. साधारण ४२५ ते ८७० अंशांच्या पट्ट्यात पोलादातला कार्बन दाण्यांच्या सीमांकडे सरकतो आणि तिथे क्रोमियमला धरून कार्बाइड बनवतो. कार्बन चपळ असतो, दूरवरून येतो. क्रोमियम सुस्त, तो फक्त सीमेलगतचा खर्ची पडतो. परिणामी प्रत्येक दाण्याच्या कडेला एक अरुंद पट्टा राहतो, जिथे क्रोमियम १२ टक्क्यांच्या खाली गेलेले असते. नावाला स्टेनलेस, पण त्या रेषेवर नाही. ॲसिड आले की ते तेवढीच रेष कोरते, दाणा सुटा होतो आणि भुकटी पडते. यालाच सेन्सिटायझेशन म्हणतात.

नुसत्या वेल्डिंगने हे घडलेच तर शिवणीपासून काही मिलिमीटरवरच्या अरुंद पट्ट्यात घडते, कारण तिथेच धातू काही क्षण त्या तापमानात रेंगाळतो. भट्टीने मात्र सगळा नगच त्या पट्ट्यात नेऊन बसवला. हिशेब करून पाहावा: ४२५ पासून ६२० पर्यंत ताशी १०० अंशांनी चढायला दोन तास, वर दोन तास मुक्काम, उतरायला पुन्हा दोन तास. ०.०५ टक्के कार्बनच्या ३०४ ला या तापमानाला एक तासही पुष्कळ असतो, त्याला सहा तास मिळाले. शिवण मात्र ३०८एलची, कार्बन कमी, म्हणून ती चकचकीत राहिली. ज्या भागावर सगळ्यांची नजर असते तोच शाबूत आणि बाकी सगळे गेलेले, त्यामुळे सुरुवातीला उलगडा होईना.

आणि मिळवले काय? ६०० अंशांच्या आसपास कार्बन स्टील मऊ पडते, आतले ताण बरेचसे सुटतात. ऑस्टेनिटिक स्टेनलेस, म्हणजे ३०४ च्या गटातले पोलाद, त्या तापमानालाही ताठ असते. त्या पातळीवर ताणाचा सुमारे तिसरा हिस्सा, फार तर ४० टक्के सुटतो. खऱ्या अर्थाने ताण काढायचे तर ९०० च्या वर जावे लागते. म्हणजे ६२० अंशांवर ३०४ ची ताणमुक्ती म्हणजे लाभ थोडा आणि हानी पुरी.

शिवणीचीही थोडी झीज झालीच होती. शिवणीतली फेराइट ही चुंबकीय अवस्था मोजणाऱ्या मीटरवर वेल्डिंगनंतर ६ ते ८ चे आकडे होते, भट्टीनंतर ४ ते ५. शिवणीतले फेराइट ६०० ते ९०० अंशांत कार्बाइड आणि ठिसूळ सिग्मा अवस्थेकडे वळू लागते. दोन तासांत ते धोक्याच्या पातळीला गेले नसेल, पण दिशा तीच होती.

समोरचे पर्याय

ग्राहकाची लाइन हंगामाआधी उभी व्हायची होती, त्यामुळे चर्चा घाईतच झाली.

सवलत मागून आहे तसेच नग देणे हा पहिला विचार. हाउसिंग प्रेशर व्हेसल नाही, पल्प काही सल्फ्युरिक ॲसिड नाही, असा युक्तिवाद होता. पण ती लाइन रोज धुतली जाते: ७५ ते ८० अंशांचा २ टक्के कॉस्टिक आणि त्यानंतर ६५ अंशांचे दीड टक्क्यापर्यंतचे नायट्रिक. टोमॅटो पल्पला स्वतःची आम्लता आणि मीठ असते ते वेगळे. गॅसकेटखाली द्रव साचून राहतो, तिथे सीमा कोरल्या जातात, वरून काही दिसत नाही, आणि सुटलेले दाणे लोकांच्या खाण्यात जातात. हा पर्याय बाजूला ठेवला गेला आणि ते अगदी योग्य झाले. यात वाटाघाटीला जागाच नाही.

दुसरा पर्याय सोल्युशन अनीलिंग: १०४० अंशांच्या वर नेऊन कार्बाइड पुन्हा विरघळवायचे आणि पाण्यात बुडवून तो पट्टा झपकन ओलांडायचा. धातू पुन्हा निरोगी होतो, शंका नाही. प्रश्न आकाराचा. ऑस्टेनिटिक स्टेनलेस कार्बन स्टीलपेक्षा जवळजवळ दीडपट प्रसरण पावते आणि उष्णता मात्र एक तृतीयांशच वाहून नेते. पाण्यात जाताना एक बाजू थंड, दुसरी लाल. त्यात २२ मिमी प्लेट एवढ्या लहान व्यासाला रोल करताना सात टक्क्यांच्या वर ताणली गेली होती. ते दाबलेले ताणही तापल्यावर सुटणार.

तिसरा पर्याय ३०४एलमध्ये नव्याने नग करणे. ०.०३० टक्क्यांपर्यंतच कार्बन असल्याने सीमांवर कार्बाइड बसायला माल पुरत नाही. ३२१ किंवा ३४७ चाही विषय निघाला, म्हणजे टायटॅनियम किंवा नायोबियम घालून कार्बन आधीच बांधून टाकलेले ग्रेड. पण त्या जाडीची प्लेट स्थानिक व्यापाऱ्याकडे नव्हती आणि एवढ्या कामासाठी तिची गरजही नव्हती.

या सगळ्यात एक प्रश्न उशिरा विचारला गेला: ग्राहकाला ताणमुक्ती हवी तरी कशासाठी? उत्तर साधे होते. बोअर केल्यानंतर महिनाभरात माप हलू नये. त्याला तापमानाशी काही देणे-घेणे नव्हते, माप टिकण्याशी होते.

काय केले

दोन वाटा एकाच वेळी धरल्या. तीन नग ३०४एलमध्ये नव्याने करायचे, आणि तिसरा व चौथा नग सोल्युशन अनीलिंगला पाठवून निदान एक तरी वाचतो का पाहायचे. दुसरा नग ॲसिडने खाल्लेला होता, त्याच्यावर पुढे खर्च केला नाही.

सातपूरच्या भट्टीला पाण्याची टाकी नव्हती, म्हणून नग सिन्नरला गेले. आकार धरून राहावा म्हणून बोअरमध्ये ३०४ च्याच पट्ट्यांचा क्रॉस टाके मारून बसवला. मार्करच्या खुणा, कटिंग ऑइल, खडूचा रंग सगळे धुऊन काढले, कारण तेलातला कार्बन आणि काही रंगांतले झिंक तापलेल्या स्टेनलेसमध्ये शिरते. पहिल्या नगापासून कापलेला, म्हणजे खात्रीने बिघडलेला एक तुकडा एसएसच्या तारेने तिसऱ्या नगाला बांधला. तो तुकडा सुधारला तर नगही सुधारला, हे तपासायला नग कापावा लागणार नव्हता. सगळ्या कारवाईतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच.

१०६० अंशांवर सव्वा तास. तिसरा नग अक्ष उभा ठेवून, सरळ, दार उघडल्यापासून ४० सेकंदांच्या आत पाण्यात गेला. चौथ्याच्या वेळी साखळीचा एक पाय आखूड पडला आणि नग तिरका उतरला, एक फ्लँज दुसऱ्याच्या आधी पाण्याला लागला.

नव्या नगांसाठी क्रम बदलला. प्लेट घेतानाच टेस्ट सर्टिफिकेटवरचा कार्बन पाहिला (०.०२१) आणि कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर (पोलादाच्या वितळणीचा क्रमांक) उतरवला. फ्लँजची शिवण चार भागांत, समोरासमोरच्या क्रमाने घातली, दोन पासमधले तापमान १५० अंशांच्या वर जाऊ दिले नाही. मग दर बाजूला १ मिमी ठेवून कच्चे मशीनिंग. कातताना ताणांचा तोल बदलतो, तो इथेच बदलून घ्यायचा. त्यानंतर ४०० अंशांवर पाच तास, म्हणजे दर २५ मिमी जाडीला साधारण चार तास या हिशेबाने. हे तापमान धोक्याच्या पट्ट्याच्या खाली आहे. त्याने सगळे ताण जात नाहीत, पण टोकाचे शिखर उतरते आणि माप स्थिर राहायला तेवढे पुरते. चार्जमध्ये एमएसचा एकही तुकडा नव्हता आणि ट्रॉलीवर स्टेनलेसच्या पट्ट्या अंथरल्या, म्हणजे लोखंडी खवले चिकटून नंतर गंजाचे ठिपके उठू नयेत. शेवटी अंतिम बोअर.

निष्पत्ती

तारेने बांधलेल्या तुकड्यात चरांच्या जागी पायऱ्या दिसल्या आणि प्रॅक्टिस ईची पट्टी भेगेविना वाकली. धातू सुधारला होता. तिसऱ्या नगाच्या बोअरची ओव्हॅलिटी (लंबगोलपणा) २.३ मिमी आणि फ्लँजचा फेस १.६ मिमीने हललेला निघाला. शिल्लक मालात ते जेमतेम बसले. फेसिंगच्या शेवटच्या कटला न कातलेल्या पृष्ठभागाची काळी खूण पुसली गेली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. चौथ्याचा फ्लँज ३.४ मिमीने वाकला होता, तो भंगारात गेला.

नवे तिन्ही नग एच७ मध्ये आले. तीन आठवडे ठेवून पुन्हा मोजले तेव्हा सर्वांत मोठा फरक ०.०१ मिमीच्या आत होता. ग्राहकाला तीन नवे आणि एक सुधारलेला असे चार नग गेले. सुधारलेल्या नगाची पूर्ण हकिकत लेखी कळवून, त्याची संमती घेऊनच तो दिला. ऑर्डर २६ दिवस लांबली.

निर्णयाच्या जागा

भट्टीवाल्याच्या फोनला "थांबा, विचारून सांगतो" एवढे उत्तर मिळाले असते तर यातले काहीच घडले नसते. ज्याने उत्तर दिले त्याचा दोष काढणे सोपे आहे, पण त्याच्या हातात ड्रॉइंगपलीकडे काहीच नव्हते. कार्बन ०.०५२ सांगणारे सर्टिफिकेट खरेदीच्या फाइलमध्ये होते आणि ती फाइल दुसऱ्या टेबलावर. आता भट्टीच्या चलनावर तीन ओळी वाढल्या आहेत: ग्रेड व कार्बन, प्रक्रियेचा हेतू, आणि सोबत कुठला धातू चालणार नाही.

"कोडमध्ये आहे" असाही बचाव झाला. तो टिकला नाही. ३०४ च्या गटासाठी एएसएमई वेल्डोत्तर उष्णताप्रक्रिया सक्तीची करत नाही आणि मनाईही करत नाही. निर्णय माणसावर सोडलेला आहे.

उलट टोकाची चूकही याच कारखान्यात होता होता राहिली. या प्रकारानंतर फर्मान निघाले की स्टेनलेसला भट्टी बंद. त्याच आठवड्यात १३-४ या मार्टेन्सिटिक (तापवून कठीण होणाऱ्या) स्टेनलेसचा दुरुस्त केलेला पंप इम्पेलर उष्णताप्रक्रियेविना जाण्याच्या बेतात होता. त्याला ६०० अंशांच्या आसपास टेम्परिंग (कठीणपणा उतरवणारे तापवणे) लागतेच, नाहीतर वेल्डलगतचा कठीण पट्टा तडकतो. ४१० ग्रेडला याहून वर, ७०० च्या पुढे. डुप्लेक्स या आणखी एका स्टेनलेस गटाला याच्या उलट, ३०० ते १००० अंशांच्या मधल्या मुक्कामाचे वावडे, त्यात तो ठिसूळ होतो. "एसएस" या दोन अक्षरांवर भट्टीचा निर्णय घेता येत नाही, ग्रेड बघावाच लागतो.

वेगळे काय करता आले असते? ग्राहकाने ३०४ लिहिले तेव्हाच ३०४एल सुचवता आले असते. बाजारात बऱ्याच प्लेट दोन्ही ग्रेडच्या दुहेरी सर्टिफिकेटने मिळतात आणि भावातला फरक भंगारात गेलेल्या तीन नगांपुढे किरकोळ आहे. चार्जसोबत चाचणीचा तुकडा पहिल्याच वेळी गेला असता तर बिघाड पिकलिंगच्या आधी, पहिल्या नगाचे मशीनिंग वाया न जाता सापडला असता. आणि चौथ्या नगाच्या वेळी साखळी आधी रिकाम्या वजनावर तोलून पाहायला दहा मिनिटे लागली असती.

जुन्या ऑर्डरी

प्रकरण मिटले असे वाटत असताना डिझाइन टेबलावर कोणीतरी विचारले की ही टीप आणखी कुठल्या ड्रॉइंगवर आहे. जुन्या फाइल उघडल्या. ३०४ च्या आणखी दोन हाउसिंगवर ती होती, आणि दोन्ही नग दीड वर्षापासून त्याच ग्राहकाकडे चालू होते. त्यांची कधी तक्रार आली नव्हती.

कळवावे की नाही यावर दोन दिवस गेले. कळवले. ग्राहकाने लाइन बंद असलेला दिवस दिला. जागेवर छोट्या ग्राइंडरने बोटाएवढी जागा पॉलिश केली, ऑक्झॅलिकने कोरून घेतली आणि फिल्मवर ठसा घेतला. दोन्ही नगांवर दाण्यांभोवती पूर्ण चर होते. एकाच्या गॅसकेटखालचा फेस नखाला खरखरीत लागत होता. त्यांच्या जागी ३०४एलचे दोन नग अंबडमधून हंगामाआधी गेले, खर्च कारखान्याने सोसला.